थेरपिस्टच्या डोक्यावरचं लोन: एनएचएससी की पीएसएलएफ?

अमेरिकेत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आलेल्या मराठी माणसांच्या दोन वाटा मला वारंवार दिसतात. एक, नवऱ्याच्या एच-१ या नोकरीच्या व्हिसाबरोबर आलेली बाई. बरीच वर्षं एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काढते आणि ग्रीन कार्ड हातात पडलं की एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेते. दुसरी, इथेच जन्मलेली मुलगी. ‘मेडिकलला का नाही?’ या प्रश्नाला पुरून उरते आणि सायकॉलॉजीत डॉक्टरेट करते. दोघींच्या डोक्यावर फेडरल लोन असतं आणि पगार शेजारच्या आयटीवाल्याच्या निम्मा. मग मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी सांगतं, “अगं, ते लोन सरकार भरतं की!”

सरकार भरतं हे खरं. पण त्यासाठी दोन मोठ्या योजना आहेत. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे, आणि एकीला शोभणारा निर्णय दुसरीत अंगाशी येतो.

एनएचएससी म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर. जिथे डॉक्टर-थेरपिस्ट टिकत नाहीत तिथे माणसं पाठवण्यासाठी १९७० च्या कायद्याने ही योजना निघाली. मान्यताप्राप्त ठिकाणी दोन वर्षं पूर्णवेळ काम करायचं आणि त्या बदल्यात ५०,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळवायची. अर्धवेळ काम केलं तर २५,०००. सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एलसीएसडब्ल्यू (लायसन्सधारक क्लिनिकल सोशल वर्कर), मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट, प्रोफेशनल काउन्सेलर, सायकियाट्रिक नर्स हे सगळे तिच्यात बसतात.

पीएसएलएफ म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस. ही २००७ ची. सरकारी नोकरी किंवा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, नॉनप्रॉफिटमध्ये पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला किमान ३० तास काम करत १२० हप्ते भरायचे. त्यानंतर जे उरेल ते माफ. रकमेला कमाल मर्यादा नाही आणि थेरपिस्ट असण्याचीही अट नाही. क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या माणसालाही ती लागू आहे.

एकीकडे दोन वर्षं, दुसरीकडे दहा. बहुतेक जण इथेच ‘दोन बरी’ म्हणून मोकळे होतात. थोडं थांबा.

आधी कागद

एनएचएससीला अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड चालत नाही. म्हणजे वर सांगितलेली पहिली बाई, नागरिकत्वाची शपथ घेईपर्यंत, या योजनेच्या बाहेर.

पीएसएलएफमध्ये नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही, पण लोन फेडरल ‘डायरेक्ट लोन’च असावं लागतं. ते मुख्यतः नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-४ वर शिकता येतं, फेडरल लोन घेता येत नाही. त्यामुळे पुण्याहून एफ-१ वर येऊन, इथल्या खाजगी कंपनीचं किंवा भारतातल्या बँकेचं लोन घेऊन काउन्सेलिंगची पदवी घेतलेल्यांना पीएसएलएफचा काही उपयोग नाही. पुढे नागरिक झाल्यावर एनएचएससीत इथलं खाजगी लोन चालू शकतं. भारतीय बँकेचं मात्र नाही, कारण कर्ज देणारी संस्था अमेरिकी नियामकाच्या देखरेखीखाली असावी लागते. त्या कर्जापुरता सरकारी आधार म्हणजे भारतीय आयकरातली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई). कर्ज वडिलांच्या नावावर असेल, हप्ते तेच भरत असतील आणि ते जुन्या करप्रणालीत असतील, तर व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट. बाकी काही नाही. रांगेतल्या सल्ल्यावर विसंबून कुणी ते कर्ज ‘माफ होईल’ म्हणून थकवू नये.

दुसरा कागद लायसन्सचा. एनएचएससीला स्वतंत्र प्रॅक्टिसचं पूर्ण लायसन्स हवं. एमएसडब्ल्यू झाल्यावर एलसीएसडब्ल्यू मिळवायला सुपरव्हिजनखाली साधारण दोन-तीन वर्षं जातात. बहुतेक राज्यांत ३,००० च्या आसपास तास भरावे लागतात. ही वर्षं एनएचएससीच्या लेखी शून्य. पीएसएलएफचं घड्याळ मात्र पहिल्या नोकरीच्या पहिल्या हप्त्यापासून सुरू होतं. त्यामुळे ‘दहा विरुद्ध दोन’ हा हिशेब प्रत्यक्षात बऱ्याचदा ‘दहा विरुद्ध पाच’ असतो.

नोकरीची जागा

पीएसएलएफसाठी मालक कोण एवढंच बघतात. सरकारी हॉस्पिटल, शाळा, नॉनप्रॉफिट विद्यापीठाचं काउन्सेलिंग सेंटर, काउंटीची एजन्सी, सगळं चालतं. नफ्यावर चालणारी ग्रुप प्रॅक्टिस चालत नाही, कंत्राटदार म्हणून १०९९ वर (पगारी नोकर न होता) घेतलेलं काम साधारणपणे चालत नाही.

एनएचएससीला मालकाबरोबर गावही हवं. क्लिनिक मानसिक आरोग्याच्या ‘तुटवड्याच्या भागात’ असायला हवं, आणि पेशंटला पैसे देता येत नसले तरी ऐपतीप्रमाणे फी घेऊन त्याला तपासायला हवं. त्या भागाला गुण दिलेले असतात. या क्षेत्रातली माणसं त्याला ‘हिप्सा स्कोअर’ म्हणतात. मानसिक आरोग्यासाठी तो ० ते २५ असतो आणि पैसे जास्त गुणांपासून खाली वाटत येतात. मधल्या गुणांच्या क्लिनिकमध्ये असाल तर अर्ज पात्र ठरूनही हाती काही न लागणं शक्य आहे. अर्जाची खिडकी वर्षातून एकदाच, काही आठवडे उघडते. मान्यताप्राप्त ठिकाणं म्हणजे सामुदायिक आरोग्य केंद्रं, मूळ अमेरिकन जमातींचे दवाखाने, तुरुंग, ग्रामीण क्लिनिकं. नवऱ्याचं ऑफिस एका शहरात, मुलांची शाळा ठरलेली, अशा घरात हा निर्णय एकटीचा राहत नाही.

आता पैसे

एनएचएससीची खरी गोडी अशी की रक्कम सुरुवातीलाच एकदम मिळते आणि तिच्यावर फेडरल टॅक्स नाही. खोड अशी की करार मोडला तर दंड जबर आहे. न केलेल्या सेवेच्या वाट्याचे पैसे परत, शिवाय उरलेल्या प्रत्येक महिन्याचे ७,५०० डॉलर, वर व्याज, आणि हे सगळं मिळून ३१,००० पेक्षा कमी नाही. सहा महिने बाकी असताना नोकरी सोडली तर नुसता महिन्यांचाच दंड ४५,००० होतो. क्लिनिक बदलायचं झालं तर आधी परवानगी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या नोकरीत लोनच्या मदतीशिवायही दोन वर्षं राहिला असतात, तिथेच हा करार करा. सुपरवायझर कसा आहे, आठवड्याला किती केसेस अंगावर टाकतात, हे आधी तिथल्या जुन्या माणसांना विचारा. बर्नआउट आलं तरी त्या कराराचे महिने कमी होत नाहीत.

पीएसएलएफमध्ये दंड नाही. नोकरी सोडलीत तर हप्त्यांची मोजणी तिथे थांबते, पुन्हा पात्र नोकरी धरलीत की पुढे चालू. हप्ते सलग असण्याची अट नाही. माफ झालेल्या रकमेवर फेडरल टॅक्सही नाही. तिची बदनामी झाली ती सुरुवातीच्या वर्षांत. २०१७ मध्ये पहिली मंडळी पात्र झाली तेव्हा जवळजवळ ९९ टक्के अर्ज फेटाळले गेले, बहुतेक चुकीच्या प्रकारच्या लोनमुळे किंवा हप्ते भरून न झाल्यामुळे. २०२१ मध्ये नियम तात्पुरते सैल केले गेले आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत दहा लाखांवर लोकांचं लोन माफ झालं होतं. धडा एवढाच की मालकाच्या सहीचा फॉर्म दरवर्षी भरा, दहाव्या वर्षाची वाट बघू नका.

दोन उदाहरणं घेऊ. पहिल्यात लोन ५५,०००, पगार ६८,०००. उत्पन्नावर आधारित नव्या ‘रॅप’ योजनेत ६० ते ७० हजारांच्या टप्प्याला उत्पन्नाच्या ६ टक्के हप्ता, म्हणजे महिन्याला ३४०. व्याज साडेसहा टक्के धरलं तर त्यातले तीनशेच्या आसपास व्याजातच जातात. म्हणजे दहा वर्षं, चाळीस हजारांवर डॉलर भरायचे, मग माफी. एनएचएससीत दोन वर्षांत जवळपास सगळं लोन संपतं. नागरिकत्व आणि लायसन्स असेल तर इथे दुसरा विचार करू नये.

दुसऱ्यात खाजगी विद्यापीठातली सायडी (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट), लोन १,५०,०००, पगार ६५,०००. हप्ता ३२५ च्या आसपास. पगार वाढत गेला तरी दहा वर्षांत ती पन्नासएक हजार भरेल आणि एक लाखावर माफ होईल. तिने मध्येच एनएचएससीचे ५०,००० घेतले तर काय होईल? शिल्लक एक लाखावर येईल, पण हप्ता तोच राहील, कारण तो लोनवर नाही, उत्पन्नावर ठरतो. म्हणजे ते पन्नास हजार, जे नाहीतरी माफच झाले असते, तिथेच जिरले. वर दोन वर्षांचं बंधन आणि दंडाची टांगती तलवार. दहा वर्षं सार्वजनिक नोकरीत राहायचं पक्कं असेल तर एनएचएससी तिच्यासाठी फुकटचं ओझं आहे. पाच वर्षांनी स्वतःची प्रॅक्टिस काढायचा विचार असेल तर गणित उलटतं. मग पीएसएलएफ गाठताच येणार नाही, आणि एनएचएससीचे पन्नास हजार खरे आपले. दोन वर्षांनंतरही लोन उरलं असेल तर वर्षावर्षाने करार वाढवताही येतो.

नवऱ्याचा पगार

आपल्या घरांमध्ये सगळा खेळ इथे फिरतो, आणि रांगेत हे कुणी सांगत नाही. समजा, याच सायडी बाईंच्या नवऱ्याचा पगार १,५०,००० आहे आणि दोघं टॅक्स जॉइंट भरतात. मग हप्ता २,१५,००० वर मोजला जातो. एक लाखाच्या वर रॅपचा दर १० टक्के. म्हणजे महिन्याला साधारण १,७९०. साध्या दहा वर्षांच्या योजनेत हेच दीड लाख साडेसहा टक्क्यांनी फेडायला १,७०० च्या आसपास लागतात. दहा वर्षांनी माफ व्हायला काही उरतच नाही. पीएसएलएफ कागदावर आहे, हातात शून्य.

उपाय म्हणजे वेगवेगळं फायलिंग. मग फक्त तिचं उत्पन्न धरतात. पण त्यात टॅक्सच्या काही सवलती जातात, तेव्हा वर्षाला टॅक्स किती वाढतो आणि हप्ता किती कमी होतो हे शेजारी-शेजारी मांडून बघायचं. लोन मोठं असेल तर बहुतेकदा वेगळं फायलिंगच परवडतं. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्ये मात्र आणखी एक पीळ आहे. तिथे नवरा-बायकोचं उत्पन्न कायद्याने सामाईक मानतात, त्यामुळे वेगळं फायलिंग करूनही ते निम्मंनिम्मं वाटलं जातं. बे एरिया, डॅलस, सिअ‍ॅटलवाल्यांनी इथे सीपीएच्या (टॅक्स सल्लागाराच्या) फीमध्ये काटकसर करू नये.

एनएचएससी नवऱ्याचा पगार विचारात घेत नाही. दोन चांगल्या पगारांच्या घरात ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू.

इतर दारं, धावत्या नजरेने

व्यसनमुक्तीच्या उपचारात काम करत असाल तर ‘स्टार’ योजना बघा: सहा वर्षं पूर्णवेळ, २,५०,००० डॉलरपर्यंत, आणि ग्रीन कार्डही चालतं. सहा वर्षं लांब आहेत, पण मोठं लोन आणि ग्रीन कार्ड ही जोडी असलेल्यांसाठी मला ही योजना दुर्लक्षित वाटते. माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांत ईडीआरपी आहे, पाच वर्षांत २,००,००० पर्यंत. पण तिथे आधी तुम्ही भरायचं, मग ते परत देतात, आणि ठरावीक जागांनाच ती लागू असते. तेव्हा ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. संशोधनात असाल तर एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची वेगळी योजना. राज्यांच्याही आहेत. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क लायसन्सधारक सोशल वर्करना वर्षाला ६,५००, चार वर्षांत २६,००० पर्यंत देतं. एका वेळी दोन सेवाकरार साधारणपणे चालत नाहीत. पीएसएलएफ हा करार नसल्यामुळे तो कशाच्याही जोडीला चालतो.

आणि ‘व्याज कमी होतंय’ म्हणून फेडरल लोन खाजगी कंपनीकडे रिफायनान्स करू नका. त्या क्षणी पीएसएलएफ कायमचं जातं. एनएचएससी टिकतं, पण त्यात कारचं किंवा नवऱ्याचं लोन मिसळलंत तर तेही गेलं.

अजून कॉलेजात असाल तर

जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांचं ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं फेडरल लोन बंद. पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० ची मर्यादा. ‘प्रोफेशनल’ पदव्यांना ती वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० आहे. २०२५ च्या शेवटी सहमतीने ठरलेल्या मसुद्यात क्लिनिकल सायकॉलॉजी या दुसऱ्या यादीत होती, सोशल वर्क आणि काउन्सेलिंग नव्हतं. महागड्या एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतलात तर या मर्यादेपुढची रक्कम खाजगी लोनची होईल, आणि तिला पीएसएलएफ लागू नाही. म्हणजे स्वस्तातलं राज्य विद्यापीठ हीच आता पहिली लोन-माफी. पीएसएलएफच्या मालकांबद्दलही नवा नियम जुलै २०२६ पासून आहे. ‘मोठ्या प्रमाणावर बेकायदा उद्देश’ असल्याचं ठरवून एखाद्या संस्थेला अपात्र करण्याचा अधिकार शिक्षण खात्याने स्वतःकडे घेतला आहे.

मुलाखतीला जाताना दोन गोष्टी आधी काढून ठेवा: त्या संस्थेचा ईआयएन (टॅक्ससाठीचा ओळख) नंबर आणि त्या जागेचा मानसिक आरोग्याचा हिप्सा स्कोअर. पहिला फेडरल स्टुडंट एडच्या साइटवर टाकला की मालक पीएसएलएफला चालतो का ते कळतं, दुसरा एनएचएससी चालवणाऱ्या एचआरएसए या सरकारी खात्याच्या साइटवर पत्ता टाकून. दहा मिनिटांचं काम आहे. पगाराची घासाघीस त्यानंतर.