वेणीचा शेंडा कापून जीन टेस्ट केली म्हणे, आणि मी ६६,३३९ रुपये दिले

लाज वाटतेय लिहायला, कारण मी बीएस्सी झूलॉजी आहे आणि ठाण्यात क्लासमध्ये सायन्स शिकवते. घोडबंदर रोडवरचं क्लिनिक, नाव लिहीत नाही, उद्या मलाच नोटीस पाठवतील.

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, नोव्हेंबरात केस मूठमूठ गळायला लागले, बाथरूमची जाळी रोज तुंबायची, अशा वेळी माणूस कोणाचंही ऐकतो हो. तिथली काउन्सेलर म्हणाली, मॅडम तुमचे केराटिनचे (केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याचे) जीन्स झोपलेत, आधी जीन एक्स्प्रेशन टेस्ट करू. ६,४९९. केली.

तिने छोटी कात्री घेतली, वेणीच्या शेंड्याचे बोटभर केस कापले, झिपच्या पिशवीत टाकून वर स्टिकर चिकटवला. मी आरशात बघत होते सगळं! अगं बाई, शेंडा मेलेला असतो. केराटिनचे जीन्स चालतात ते कातडीच्या आत, मुळातल्या पेशींत, त्या पेशी वर सरकताना केराटिनने भरतात आणि मरतात, केंद्रकसुद्धा उरत नाही. जीन किती चालू आहे ते बघायला आरएनए, म्हणजे चालू जीनची पेशीत बनणारी नक्कल, लागतो, तो जिवंत मुळातून मिळतो. आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे माझा तो शेंडा तीनेक वर्षं जुना, डेंग्यूच्या कितीतरी आधीचा. तेव्हा मात्र मी काय बोलले तर, "जास्त नका हं कापू."

रिपोर्टमध्ये केआरटी ८५, १८.४ टक्के, लाल रंगात. आता ८५ हा खरंच केसातल्या केराटिनचा जीन आहे, म्हणून विश्वास बसला. पण खाली केआरटी १० पण केसाचा म्हणून छापलेला, तो मुख्यतः कातडीच्या वरच्या थरातला. माणसात केराटिनचे ५४ जीन्स आहेत, नावं उचलायला यांचं काय जातंय!

मग १२ सिटिंगचं पॅकेज ४८,०००, वर जीएसटी ८,६४०, जीन चालू करणारं सीरम ३,२००. जीएसटी घेतला पण पक्कं बिल दिलं नाही. बिल नाही तर पैसे देऊ नका, कितीही गोड बोलू देत.

चौथ्या सिटिंगला शेजारच्या काकूंचा रिपोर्ट दिसला. वय बासष्ट, डायबेटिस, आणि आकडा तोच. १८.४.

पोलिसांकडे गेले तर, "ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, ही सिव्हिल मॅटर." सायबरवाले म्हणाले समोरासमोरचा व्यवहार आमच्यात येत नाही. आरोग्य खात्यात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिसऱ्यावर साहेब जेवायला गेलेले, परत आले ते पावणेचारला, आणि मला विचारतात काय तर "केस गळतात ही तक्रार आहे का?" तीन सुट्ट्या गेल्या माझ्या, क्लासची फी कापली गेली ती वेगळीच. आता ग्राहक आयोगात जातेय, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे पण मलाच शोधावं लागलं.

नंतर स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, ७०० रुपये. तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात, मुळं शाबूत आहेत, येतील परत म्हणाले. आधी तिकडे जा बाबांनो.

आणि कोणाकडे १८.४ वाला रिपोर्ट असेल तर फेकू नका, फोटो काढून मला दाखवा. काकू तयार आहेत, तिसरं कोणी मिळालं तर बरं होईल.