आई गावात बरी की आमच्याकडे डोंबिवलीत? मेंदूच्या अंगाने मांडलेला हिशेब

गणपती आटपून परतीची गाडी पकडली की चाकरमान्यांत एकच विषय निघतो: म्हातारं माणूस गावात एकटं ठेवायचं की मुंबईला आणायचं? बोलणं दवाखाना किती लांब यावरच अडतं. वेंगुर्ल्याजवळ राहणारी आमची आई ७४ वर्षांची झाली, तेव्हा आम्ही प्रश्न जरा बदलला. तिचं डोकं कुठे जास्त शाबूत राहील?

गावचं पारडं पहिल्या नजरेला जड. सोलं वाळत घालायची, माडाचे पाडेकरी बोलवायचे, कोणाचा नारळ कोणाकडे गेला ते ध्यानात ठेवायचं, एकादशीला भजन, संध्याकाळी खळ्यात गजाली, म्हणजे गप्पा. १९८८ साली अमेरिकेत शवविच्छेदनात काही म्हाताऱ्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा सापडल्या, पण जिवंतपणी ती माणसं ठणठणीत होती. आयुष्यभराच्या शिक्षणाने, कामाने, माणसांत वावरण्याने मेंदूत राखीव साठा होतो, अशी त्यावर कल्पना मांडली गेली. पाणंदीत पाणी भरलं की आपण शेजाऱ्याच्या परड्यातून वाट काढतो, तसंच काहीसं.

पण नुसत्या गावच्या हवेवर विसंबू नये. ६० वर्षांवरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं, म्हणजे आठवण आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराचं, प्रमाण सुमारे ७.४ टक्के निघालं, आणि ते शहरापेक्षा खेड्यांत जास्त. आणि पाऊस विसरून कसं चालेल? जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, वीज गेलेली, घाटी उतरायची भीती. ज्या गजालींचं मी कौतुक केलं त्या जून ते ऑगस्ट जवळजवळ बंदच.

डोंबिवलीत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वेळेवर तपासून होतं, आणि ही मेंदूचीच राखण आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, ती सगळी आवरली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. त्यात कमी ऐकू येणं आहे, तसा एकटेपणाही आहे. नेमका तोच आमच्या फ्लॅटमध्ये. पहिल्या वर्षी आई चौथ्या दिवशीच म्हणाली, “माका हय कोण वळाखता?” आम्ही दोघं कामावर, ती टीव्हीसमोर. मोबाइलवरचे बुद्धीचे खेळ दिले. त्या खेळात हात बसला, त्यापलीकडे मला फरक दिसला नाही.

कान हा मात्र आमच्या निर्णयाचा खरा सांधा ठरला. भजनात ती गप्प बसू लागली होती. आम्हाला वाटलं, विसरते. ऐकूच येत नव्हतं! ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर अमेरिकेत तीन वर्षं चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आले. सरसकट सगळ्यांना श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्या आठवण-विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे यंत्र हा रामबाण नव्हे, पण आईला रक्तदाब आहे, तेव्हा आम्ही घेतलं. ते जुळवायला चार-पाच खेपा लागतात, म्हणून ते डोंबिवलीतच. वापरायचं मात्र गावात, जिथे बोलायला माणसं आहेत.

तेच तेच प्रश्न विचारणं, पैशांत गोंधळ, देवळातून येताना वाट चुकणं सुरू झालं असेल तर हा हिशेब लागू नाही. आधी बी-१२, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या आणि मनाची उदासी तपासून घ्या; यांनी आलेला विसर बरेचदा सुधारतो. सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मुंबईपेक्षा जवळ आहे. आणि हलवायचंच ठरलं तर लवकर हलवा. विसर वाढल्यावर नवं घर, नवा संडास, नवी लिफ्ट डोक्यात बसत नाही.

आम्ही ठरवलं: पावसाचे अडीच महिने डोंबिवली, गणपतीच्या आठवडाभर आधी गाव. रक्तदाबाचं यंत्र शेजारच्या सुनेकडे. ती दर सोमवारी आकडा कळवते. डोंबिवलीत आई सोसायटीतल्या बायकांना भजनातले गजर शिकवते, त्यांच्याकडून गुजराती शिकते. अडचण एकच उरली आहे, ती खाऱ्या दमट हवेची. श्रवणयंत्र रात्री सुकवायच्या डबीत ठेवलं नाही तर खरखरायला लागतं, आणि बॅटऱ्या वाडीत मिळत नाहीत, म्हणून गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मी एक पाकीट देते.