जगभरच्या कुस्त्यांवरचा ऑनलाइन कोर्स: नेमकं काय टेकलं की हरलो?

दोन महिने अधूनमधून रात्री एकेक व्हिडिओ बघत हा कोर्स काल संपवला आणि लगेच लिहायला बसलोय, कारण कुस्तीवर इतकं नीट काम क्वचित बघायला मिळतं. एकूण २६ व्हिडिओ आहेत, काही १० मिनिटांचे तर काही पाऊण तासाच्या वर. शिकवणारे दोघं, एक जुने पैलवान आणि एक इतिहासाचे अभ्यासक. मी स्वतः बरीच वर्षं मॅटवर लढलोय आणि आता पोरांना शिकवतो, त्यामुळे पट कसा काढायचा (समोरच्याचे पाय धरून पाडायचं) हे मला कोर्समधून नको होतं, बाकीच्या जगात लोक कुस्ती म्हणून नेमकं काय खेळतात ते बघायचं होतं.

सगळ्यात आवडली ती मांडणी. देशवार धडे नाहीत. सुरुवातच या प्रश्नाने होते की कुस्ती संपते कधी? आपल्या डोक्यात उत्तर पक्कं असतं, पाठ टेकली, चितपट झाला, विषय संपला. पण सुमोमध्ये तळपाय सोडून काहीही जमिनीला लागलं किंवा ४.५५ मीटरच्या रिंगणाबाहेर पाय पडला तरी हार. मंगोलियाच्या बोख मध्ये गुडघा किंवा कोपर टेकलं की खेळ खलास. तुर्कस्तानच्या तेलातल्या कुस्तीत पोट आभाळाकडे झालं की हरलास. स्वित्झर्लंडच्या श्विंगेनमध्ये पाठ लागून भागत नाही, पाठ लागताना जिंकणाऱ्याचा निदान एक हात समोरच्याच्या चड्डीवर धरलेला पाहिजे. आणि इथून पुढे ते दाखवत जातात की या एका नियमामुळे पैलवान उभा कसा राहतो, कंबर किती खाली ठेवतो, कुठला डाव चालतो आणि कुठला वाया जातो. मला इतक्या वर्षांत कुणी हे असं सांगितलं नव्हतं! गुडघा टेकला की हार असेल तर गुडघ्यावर बसून दुहेरी पट मारणार कसा, मग सगळं लक्ष उभ्याने टांग लावण्यावर आणि उचलण्यावर जाणारच ना.

कंबरलँड आणि वेस्टमोरलँडची कुस्ती मी यात पहिल्यांदा नीट बघितली. इंग्लंडच्या उत्तरेकडची. दोघं छातीला छाती लावून हनुवटी एकमेकांच्या खांद्यावर ठेवतात, हात समोरच्याच्या पाठीमागे गुंफतात, आणि मगच कुस्ती सुरू होते. ज्याची पकड आधी सुटली तो हरला, पाठबिठ लागायची वाट बघायची गरज नाही. त्याच व्हिडिओत त्यांनी सिडनी २००० ऑलिम्पिकची, रशियाच्या करेलिनची फायनल जोडली आहे आणि हे मला फारच भारी वाटलं. अलेक्झांडर करेलिन, १९८८, १९९२, १९९६ असा तीनदा ऑलिम्पिक चॅम्पियन, आंतरराष्ट्रीय कुस्तीत १३ वर्षं न हरलेला माणूस, अमेरिकेच्या रुलॉन गार्डनरकडून १-० ने हरला. तो एक गुण कशाचा? क्लिंचमध्ये, म्हणजे छातीला छाती लावून धरलेल्या पकडीत, त्याचे गुंफलेले हात सुटले त्याचा. मी ती कुस्ती कितीतरी वेळा बघितली होती आणि दरवेळी नशीब म्हणून सोडून दिलं होतं, यांनी कंबरलँडच्या शेजारी ठेवल्यावर मात्र पकड टिकवणं हे स्वतंत्र कौशल्य म्हणून डोळ्यासमोर उभं राहिलं.

इतिहासाचा भाग पण दमदार आहे. इजिप्तमधल्या बेनी हसनच्या थडग्यांवर त्यांनी अख्खा एक व्हिडिओ दिलाय. साधारण ४००० वर्षांपूर्वीची भिंत, तिच्यावर कुस्तीच्या दोनशेहून जास्त जोड्या, आणि चित्रकाराने प्रत्येक जोडीत एक पैलवान फिकट तर दुसरा गडद रंगवलाय म्हणजे कुणाचा हात कुठे आणि पाय कुठे ते कळावं. एकेक जोडी थांबवून शिकवणारे पैलवान तोच डाव मॅटवर करून दाखवतात. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, एकेरी पट अगदी आजच्यासारखा, कमरेला विळखा घालून उचलणं आजच्यासारखं. अंगावर काटा आला खरंच.

ग्रीसचं थोडक्यात आहे पण नेमकं आहे, इ.स.पू. ७०८ मध्ये कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली, तीनदा पाडलं की जिंकला, क्रोटोनचा मायलो सहा वेळा विजेता. त्यापेक्षा मला स्टॉकहोम १९१२ ऑलिम्पिकचा भाग जास्त धरून ठेवणारा वाटला. मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड आसिकाइनेन यांची सेमीफायनल ११ तास ४० मिनिटं चालली. वेळेची मर्यादाच नव्हती, कुणीतरी पडेपर्यंत लढायचं. क्लाइन जिंकला पण इतका दमला की फायनलला उतरलाच नाही आणि रौप्यावर थांबला. हे सांगून मग आजची सहा मिनिटांची कुस्ती दाखवतात, तीन तीन मिनिटांचे दोन राउंड, फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी आणि ग्रीको-रोमनमध्ये (जिथे कंबरेखाली पकडता येत नाही) ८ ची झाली की कुस्ती तिथेच थांबते, म्हणजे पाठ न लावताच. कुस्ती कधी संपते या पहिल्या प्रश्नाला हे किती वेगळं उत्तर आहे बघा.

आता खटकलेलं पण सांगतो.

पहिल्याच व्हिडिओत ग्रीको-रोमन ही जुन्या ग्रीकांची कुस्ती असं सरळ म्हणून टाकलंय. ते चूक आहे. कंबरेखाली पकड नाही हा नियम असलेली ही कुस्ती १९ व्या शतकात फ्रान्समध्ये घडली आणि नाव नंतर चिकटलं. गंमत अशी की १४ व्या व्हिडिओत तेच शिकवणारे हे सगळं बरोबर सांगतात, म्हणजे माहिती त्यांच्याकडे आहे, फक्त पहिला व्हिडिओ कुणी परत तपासला नाही. मी लिहून कळवलं, तीन आठवड्यांनी दुरुस्त करतो असं उत्तर आलं, अजून तसंच आहे.

दुसरं म्हणजे आफ्रिका. सेनेगलच्या 'लांब' नावाच्या कुस्तीला, जिथे ठोसे पण चालतात आणि चारही हातपाय टेकले तरी हार होते, फक्त ८ मिनिटं. सुदानच्या नुबा डोंगराळ भागात आजही जोरात कुस्ती होते, तिचं नावसुद्धा नाही. इजिप्तच्या मेदिनेत हाबूच्या देवळात तिसऱ्या रामसेसच्या काळातली शिल्पं आहेत, इजिप्शियन आणि नुबियन पैलवान लढतायत, तो इतका चांगला धागा हातात होता आणि सोडून दिला याचं वाईट वाटलं.

गामा आणि पोलंडच्या झ्बिस्कोची कुस्ती घेतलीय पण गोष्ट म्हणून घेतलीय. लंडन, १० सप्टेंबर १९१०, अडीच तासांहून जास्त वेळ झ्बिस्को खालीच चिकटून राहिला आणि निकाल लागला नाही. १९२८ ला पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत पाडलं. इथे खरं तर तोच पहिला प्रश्न विचारायला हवा होता. लंडनची कुस्ती कॅच पद्धतीची, तिथे पोटावर किंवा चारी पायांवर पडून राहिलं तरी माणूस हरत नाही, म्हणून झ्बिस्कोला तसं टिकता आलं. त्याला भित्रा म्हणून पुढे जातात ते मला पटलं नाही, तो त्या नियमात शहाण्यासारखाच लढला. बोखचे नियम असते तर पहिल्यांदा गुडघा टेकला तेव्हाच संपलं असतं.

सबटायटलबद्दल एकच सांगतो, मशीनने केलेत आणि बरेच चुकीचे आहेत. पकड म्हणायचंय तिथे 'थांबा' येतं. ज्याला कुस्ती माहीत नाही तो पार गोंधळेल, त्यामुळे आवाज ऐकूनच बघा.

महिलांच्या कुस्तीचा व्हिडिओ २५ वा, म्हणजे शेवटाला ढकललाय, पण आहे मात्र उत्तम. २००४ ला अथेन्समध्ये महिला ऑलिम्पिकला आल्या, आणि जपानच्या काओरी इचोने तिथून २०१६ पर्यंत सलग चार सुवर्णं घेतली. तिच्या हातांवर पंधरा मिनिटं आहेत, नुसत्या मनगटाच्या पकडीवर, समोरची पुढे यायच्या आत इचो तिचा हात कसा ताब्यात घेते ते स्लो मोशनमध्ये. मी शिकवतो त्या मुलींना हा व्हिडिओ दोनदा दाखवला, आणि एकीने दुसऱ्या दिवशी लगेच करून बघितलं.

शेवटचा व्हिडिओ क्यूबाच्या मिखाइन लोपेसवर, पॅरिस २०२४ ला सलग पाचवं सुवर्ण जिंकून त्याने मॅटवर बूट काढून ठेवले तो प्रसंग. कुस्ती सोडली हे सांगायची पैलवानांची ही रीत. त्यावर कोर्सवाले काहीच बोलत नाहीत, नुसतं दाखवतात, आणि ते बरोबर केलं.

कुणी घ्यावा म्हणाल तर ज्याने थोडीफार तरी कुस्ती केलीय किंवा मन लावून बघितलीय त्याने नक्की घ्यावा. एकदम नवख्याने ३ ते ९ व्हिडिओ आधी बघावेत, पहिले दोन नंतर.

गेल्या आठवड्यात मी सरावात कंबरलँडचा नियम लावून बघितला. छातीला छाती, हात मागे गुंफलेले, सुटले की हरला. पहिल्या दिवशी पोरं वैतागली, कारण त्यांना पट काढायची सवय आणि इथे खाली जाताच येत नाही. चौथ्या दिवसापर्यंत दोघा-तिघांची कंबर आपोआप आत यायला लागली आणि उचलायच्या आधी पाय नीट बसायला लागले, जे मी वर्षभर ओरडून सांगत होतो. आता सोमवारपासून आइसलंडच्या ग्लिमाचा नियम लावणार आहे, सरळ उभं राहायचं, पुढे वाकलं की कुस्ती थांबवायची, आणि दोघांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पावलं टाकत राहायचं.