गांजाच्या ट्रिमिंगसाठी नायट्राइल हातमोजे: हात वाचतात, श्वास वाचत नाही

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. ओंटारिओतल्या लेमिंग्टनसारख्या ग्रीनहाउसच्या पट्ट्यात कात्री घेऊन फुलांभोवतीची पानं छाटणं हे तासावर पैसे मिळणारं काम झालंय. तिकडे शिकायला गेलेल्या कुणी हे काम धरलं असेल, तर हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. (भारतात फुलोऱ्याला हात लावला की १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आडवा येतो, त्यामुळे इथल्यांनी नुसतं वाचावं.) माल साधाच आहे: शंभराच्या खोक्यात येणारे, पावडर नसलेले नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे हातमोजे.

आधी लेटेक्सचा विषय संपवू. लेटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचे मोजे घेऊ नका, फुकट मिळाले तरी नको. गांजाच्या ॲलर्जीतलं एक मुख्य प्रथिन ‘कॅन एस ३’ हे लिपिड ट्रान्स्फर प्रथिनांच्या (वनस्पतींतली चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या) कुळातलं. त्याचे भाऊबंद पीच, टोमॅटो, हेझलनट यांत आहेत आणि रबराच्या चिकातही. एकाची ॲलर्जी जडलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. त्यात पावडरचे लेटेक्स असतील तर ती प्रथिनं पावडरला चिकटून हवेत उडतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) जानेवारी २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं.

नायट्राइलमध्ये ४ मिल आणि ६ मिल अशा दोन जाड्या सर्रास मिळतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ४ मिलमध्ये बोटांना कात्रीचा अंदाज छान येतो, पण कात्रीचं टोक निसटलं की ते फाटतात आणि फुलांच्या चिकट राळेमुळे काढताना ताणतात. दिवसभराच्या कामाला ६ मिल बरे. लांबीकडे मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. नेहमीचा मोजा साडेनऊ इंची असतो, तो मनगटापाशीच संपतो, आणि गांधी (खाजणारे लालसर फुगवटे) उठतात त्या नेमक्या त्याच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला. कारण फांदी वळवताना पानं तिथेच घासतात. म्हणून १२ इंची घ्या, किंवा वरून टायव्हेकच्या (कागदासारख्या कृत्रिम कापडाच्या) सुट्या बाह्या चढवून त्यांचं टोक मोज्याच्या आत खोचा. कापडी बाह्या चालतात, पण रोज धुतलेल्या. कालची राळ आज पुन्हा अंगाला लावण्यात काय अर्थ आहे?

रंगाचंही सांगायला हवं. काळे मोजे झोकात दिसतात, पण त्यांच्यावर राळ किती साचली ते कळत नाही. फिकट निळ्यावर लगेच दिसते. राळ दिसली की मोजा बदलायचा, तोही आतली बाजू बाहेर येईल असा उलटा करून. तोच हात डोळ्याला किंवा मानेला लागला तर पापण्या सुजतात आणि दोष मोज्याला दिला जातो. राळ कडक होऊन झडावी म्हणून मोजे फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती या धंद्यात जुनी आहे. ॲलर्जीवाल्यासाठी ती वाईट, कारण झडलेली राळ म्हणजे नाकात जाणारी धूळच. अल्कोहोलने पुसून तोच मोजा वापरत राहणंही टाळा, वारंवारच्या अल्कोहोलने पातळ नायट्राइल कमकुवत होतं. उघड्या हाताला राळ लागलीच तर आधी खाद्यतेल चोळा, मग साबण.

आता मुख्य तक्रार: मोजे घालूनही खाज येते. तेव्हा घड्याळ बघा. झाडाला हात लागल्यापासून काही मिनिटांत गांधी उठून काही तासांत विरल्या, तर संशय झाडावर. दोन-तीन दिवसांनी पंजाच्या मागच्या बाजूला लाल, खाजरे पट्टे उमटले आणि त्यांची कड मोज्याच्या कडेशी जुळली, तर संशय मोज्यावर. नायट्राइल घट्ट करायला थायुराम, कार्बामेट अशी रसायनं वापरतात, त्यांची ॲलर्जी अशी उशिरा येते. अशा वेळी खोक्यावर ‘ॲक्सिलरेटर-फ्री’, म्हणजे ही रसायनं नसलेला, असं लिहिलेला माल घ्या. नुसती कोरडी, भेगाळलेली त्वचा असेल तर बहुधा घामाचा आणि सारख्या हात धुण्याचा त्रास आहे. आत पातळ सुती मोजे घातले की तो पुष्कळ कमी होतो.

हातांपुरतं बघितलं तर या मोज्यांना पाचपैकी चार. पण हे काम माणसाला आजारी पाडतं ते जास्त करून हवेतून, आणि तिथे मोज्याचा काही उपयोग नाही. ओली छाटणी त्यातल्या त्यात बरी. सुकलेल्या फुलांची छाटणी धूळ उडवते, आणि सगळ्यात घातक फुलं दळायचं यंत्र. मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक इथे जानेवारी २०२२ मध्ये २७ वर्षांची कामगार दम्याने गेली. ती फुलं दळून तयार सिगारेटी भरायच्या कामावर होती. आधी खोकला, नाक गळणं, मग धाप, अशा पायऱ्यांनी तिचा आजार महिनोन्‌महिने वाढत गेला होता.

म्हणून मोज्यांच्या बरोबरीने एन९५ घ्या, सर्जिकल मास्क नको; त्याच्या कडांमधून हवा आत येते. एन९५ लाही दाढी चालत नाही, कड कातडीला टेकायलाच हवी. दळणाजवळ काम असेल तर पी१०० फिल्टरचा (एन९५ पेक्षा बारीक गाळणाऱ्या) नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धा मास्क मागा. मास्क घालूनही गांजाचा वास आला तर तो गळतोच असं नाही: वास वायूचा असतो, हे फिल्टर कण अडवतात. शिवाय मास्क हा शेवटचा उपाय. यंत्राला धूळ ओढणारी नळी आणि चांगला फिल्टर लावणं मालकाचं काम आहे.

सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर परतलं की छाती घरघरते, असं होत असेल तर खाजेची गोळी घेऊन रेटू नका. तिने शिंका थांबतील, दमा थांबणार नाही. पीक-फ्लो मीटरवर (श्वास किती जोराने सोडता येतो ते मोजणारी नळी) दिवसातून किमान चार वेळा फुंकून कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांचे आकडे लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. अंगभर गांधी आणि सोबत ओठ सुजणं, चक्कर किंवा श्वास अडकणं दिसलं तर थेट ॲम्ब्युलन्स.

एक सूचना खोकं ठेवण्याबद्दल. ते लागवडीच्या खोलीत ठेवू नका. वास मारायला लावलेलं ओझोन यंत्र आणि अतिनील दिवे नायट्राइल खराब करतात. मग नवाकोरा मोजा बोटं घालतानाच चिरतो आणि लोक म्हणतात कंपनीने माल फसवा दिला.