गडद कॉफी रंगाच्या चौकटी: सोलापूरचा एक उन्हाळा काढल्यानंतर

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली आणि जुळे सोलापुरातल्या घराच्या बाहेरच्या चौकटी, झडपा नि ग्रील गडद कॉफी रंगात घरीच रंगवायला काढले. रंग पाण्यात मिसळणारा एनॅमल, सॅटिन म्हणजे मंद चमकेच्या फिनिशचा. आता उन्हाळा आणि निम्मा पावसाळा उलटलाय. चौकटींवर ब्रशच्या रेघा दिसत नाहीत, आणि ते श्रेय महागड्या ब्रशचं नाही, रंगाला सपाट बसायला दिलेल्या वेळाचं आहे.

पांढऱ्या रंगात रेघा खपून जातात. गडद रंगावर तिरपं ऊन पडलं की एकेक रेघ उठून दिसते, चकचकीत ग्लॉस असेल तर जास्तच. म्हणून सॅटिनच घ्या. रेघ राहते ती रंग पसरून बसायच्या आत वाळला म्हणून, आणि आपल्या कोरड्या हवेत तो भराभर वाळतो. लाकडाला तळहात लावून बघा. गरम लागलं तर ब्रश उचलूच नका. मी सकाळी पश्चिमेच्या खिडक्या आणि ऊन कलल्यावर पूर्वेच्या, असं सावली धरून काम केलं.

हात मारायची पद्धत अशी: रंग कापडातून गाळून घ्यायचा, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. चार इंची फोमच्या रोलरने पातळ हात. तो ओला असतानाच नायलॉनच्या केसांचा, जवळजवळ कोरडा ब्रश नुसत्या टोकाने या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायचा. मग तिथे परत हात लावायचा नाही. एखादी जागा सुटलेली दिसली तरी ती पुढच्या हातात झाकली जाते; अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरला तर साय ओढली जाते आणि खरी रेघ तिथेच पडते. एक उभा दांडा पूर्ण करूनच पुढचा घ्या. दोन हातांच्या मध्ये 320 नंबरचा पॉलिश पेपर हलकासा. प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, करड्या छटेचा मिळाला तर बघा, पांढऱ्यावर गडद रंगाचे हात वाढतात. ग्रीलला अर्थात ब्रशच. गोल सळईवर रेघा तशाही फारशा कळत नाहीत.

पारा चाळिशीपार असतानाही रंग पोपडला नाही, फुगा आला नाही. पश्चिमेकडची चमक थोडी उतरलीय, रंग मात्र तसाच. धूळ फार दिसते, ओल्या फडक्याने पुसावंच लागतं. सुरुवातीचे काही आठवडे झडपा चौकटीला चिकटायच्या. रात्री बंद करताना मधे बटर पेपरची पट्टी ठेवायचो. उन्हाने लाकूड आकसून पश्चिमेच्या एका चौकटीच्या कोपऱ्यात भरलेल्या लांबीला (पुट्टीला) बारीक भेग गेलीय. गडद रंग ऊन जास्त पितो, त्याला इलाज नाही. दिवसभर उन्हात तापणारी खिडकी असेल, तर तिथे एक-दोन छटा फिका रंग घ्या.