टेन-टेन विन्स आता ९२.३ एफएमवर: न्यू जर्सीहून गाडीने मॅनहॅटनला जाणाऱ्यांनी जरूर लावावं

मी एडिसनला राहते आणि सकाळच्या ड्यूटीला मॅनहॅटनच्या हॉस्पिटलात गाडीने जाते. न्यू जर्सी टर्नपाइक या टोल-महामार्गावर एक्झिट १४ यायच्या आत ठरवावं लागतं, मॅनहॅटनला जाणारा हडसन नदीखालचा हॉलंड टनेल घ्यायचा की लिंकन टनेल. हॉलंडला जायचं तर तिथेच वळायचं, लिंकनला जायचं तर सरळ एक्झिट १६-ई गाठायचं. एकदा चुकीच्या रांगेत शिरलात की सुटका नाही. म्हणून मला विन्स, म्हणजे न्यूयॉर्कचं बातम्यांचं रेडिओ स्टेशन, लागतं. सहा अकरा, सहा एकवीस, सहा एकतीस, दर दहा मिनिटांनी ट्रॅफिक सांगतात.

१९६५ पासून हे स्टेशन अखंड बातम्या देतंय, पण १०१० एएमवर. हाय-टेन्शन तारांखालून गाडी गेली की खरखर व्हायची आणि 'लिंकनला अमुक मिनिटं' यातला नेमका आकडाच गिळला जायचा. गाण्याची ओळ हुकली तर चालतं. इथे आकडा हुकला की बाकीचं ऐकून काय करायचं?

ऑक्टोबर २०२२ पासून तेच स्टेशन ९२.३ एफएमवरही आहे. फरक पहिल्या मिनिटात कळतो. निवेदकामागची टेलिप्रिंटरची टकटकसुद्धा सुटी सुटी ऐकू येते. शिवाय माझ्या आताच्या इलेक्ट्रिक गाडीत एएम नाहीच. मोटरच्या विद्युतचुंबकीय गोंगाटापुढे एएमचा टिकाव लागत नाही, म्हणून काही कंपन्या ते देतच नाहीत. एफएम नसतं तर विन्स माझ्या गाडीतून गेलंच असतं!

आधी मी दोन स्टेशनं आलटून पालटून लावायची. दुसरं, डब्ल्यूसीबीएस, हेही न्यूयॉर्कचंच बातम्यांचं स्टेशन, ८८० एएमवर होतं. त्यावर ट्रॅफिक आठाच्या मिनिटांना यायचं, अठरा, अठ्ठावीस असं. विन्ससारखी एफएमची जागा त्याला मिळाली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये १९६७ पासूनच्या त्याच्या बातम्या थांबल्या आणि तिथे खेळांच्या गप्पा आल्या. मला ते फार लागलं.

एक लक्षात ठेवा, एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि ९२.३ चा अँटेना मॅनहॅटनच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आहे, म्हणून लांबवर आवाज क्षीण होतो. न्यू जर्सीत प्रिन्स्टनच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना शेजारच्या ९२.५ वरचं फिलाडेल्फियाचं कंट्री संगीत आड येऊ शकतं. त्यांनी फोनवर लावावं. १०१० एएम बंद केलेलं नाही, हे फार चांगलं केलं. दुकानांतून, घरांतून जुने संच अजून आहेत.

बाकीच्यांनी पहिल्या बटणावर ९२.३ ठेवा आणि एक्झिट १४ च्या आधीचं ट्रॅफिक चुकवू नका.