वाफेच्या इंजिनाचा बीच टॉवेल: कुठल्या कापडावरचा घ्यावा?

जुन्या यंत्राचा फोटो छापलेला टॉवेल घ्यायचा तर यंत्र कुठलं हे नंतर ठरवा, आधी कापड बघा. फोटोला हवा पॉलिएस्टर आणि पाण्याला हवं सूत. सगळा घोळ इथेच आहे.

समजा कॉर्लिस इंजिन हे वाफेचं अवाढव्य यंत्र आवडलं. १० मे १८७६ रोजी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट आणि ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांनी मिळून ते सुरू केलं. उंची सुमारे ४५ फूट, ताकद १,४०० अश्वशक्ती. टॉवेलच्या उभ्या आकारात असं धूड झकास बसतं.

पहिला पर्याय मायक्रोफायबरचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या अतिबारीक धाग्यांचा. कागदावर छापलेली शाई साधारण २०० अंश सेल्सिअस उष्णतेत वायू होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. रंग वर थापलेला नसतो, त्यामुळे धुऊन सहसा जात नाही. चाकाचे आरे, कठड्याच्या सळया, सगळं रेखीव उठतं. वाळू झटकली की पडते, घडी पिशवीच्या कोपऱ्यात मावते, वाळतोही पटकन. पण ओल्या अंगाला चिकटतो, आणि पाणी पुसण्याऐवजी इकडून तिकडे सरकवतोय असं वाटत राहतं. हा टॉवेल मुळात अंथरायचा.

दुसरा पर्याय दोन तोंडांचा: फोटोची बाजू पॉलिएस्टरची, लूप (टॉवेलवर उठलेले धाग्याचे फासे) कापून मखमली केलेली; मागची बाजू सुती लूपची. फोटोकडून लोळायचं, मागून अंग पुसायचं. मखमलीची लव हात फिरवला की आडवी पडते, म्हणून बारीक रेषा थोड्या विस्कटतात. इंजिनाचं चाक ओळखू येतं, त्यावरचे बोल्ट मोजता येत नाहीत. वजन जास्त, वाळायला वेळ. एकच घ्यायचा असेल तर मी हा घेईन.

दोन्हींत मूळ फोटो तपासाच. ३० बाय ६० इंचांच्या टॉवेलला प्रति इंच १५० ठिपके धरले तरी ४,५०० बाय ९,००० पिक्सेल लागतात. त्या काळातले बरेच फोटो दोन डोळ्यांनी बघायच्या जोडचित्रांच्या कार्डावरचे, एकेक चित्र जेमतेम ३ इंचांचं. ते वीसपट ताणलं की इंजिनाचं धुकं होतं. निव्वळ काळा-पांढरा फोटो छपाईत कधी हिरवट, कधी जांभळट झाक घेतो. तपकिरी छटेतला घेतलात तर ती लपते. आणि काळाभोर टॉवेल दुपारच्या उन्हात तव्यासारखा तापतो.

विषयाचंही भान हवं. लुइस हाइन यांनी अमेरिकेतल्या सूतगिरण्यांमध्ये काढलेल्या फोटोंत सूत कातणाऱ्या चात्यांच्या रांगा देखण्या दिसतात, पण त्यांच्यासमोर कामावरची लहान मुलं उभी आहेत. त्यावर पाय पुसायला माझं तरी मन धजणार नाही.

तिसरा पर्याय फोटोचा नाहीच: सोलापुरी टॉवेल. भौगोलिक मानांकन मिळालेला, सुती, पाणी पिणारा. जकार्ड मागावरचा घेतलात तर नक्षी छापलेली नसते, रंगीत धाग्यांनी विणलेली असते, आणि उलट्या बाजूला तीच नक्षी रंग अदलाबदल होऊन दिसते. छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उचलणारा हा माग जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आणला, म्हणजे कॉर्लिसच्या त्या प्रदर्शनाहून सत्तर वर्षं जुना. वाळू मात्र यात अशी अडकते की घरी आल्यावर बादलीच्या तळाशी अर्धा किनारा सापडतो.

निवृत्त इंजिनिअर काकांना भेट द्यायची असेल तर मायक्रोफायबर घ्या. ते तो समुद्रावर नेणारच नाहीत, दिवाणखान्यात टांगतील. गोव्याला पोहायला निघाला असाल तर दोन तोंडांचा. कुठलाही घेतलात तरी धुताना सॉफ्टनर घालू नका, पाणी शोषायचं कमी होतं. आणि फोटोच्या बाजूवर कडक इस्त्री नको.